शीख वस्तू म्युझियममध्ये मांडताना: काचेआड काय ठेवायचं आणि काय नाही?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची नांदेडची, सध्या इंग्लंडमधल्या एका शहराच्या म्युझियममध्ये जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते. आमच्या स्टोअरमध्ये पंजाबातून आलेल्या वस्तू कित्येक वर्षं खोक्यांत बंद आहेत, फुलकाऱ्या (पंजाबी भरतकामाच्या ओढण्या), तलवारी, ढाली, पोलादी चक्रं, जनमसाखीची काही सुटी पानं, अमृतसरच्या कारागिरांची रंगीत चित्रं. आता त्यांची एक छोटी पण कायमची गॅलरी करायची ठरतेय आणि टीममध्ये भारतातली मी एकटीच, त्यामुळे प्रत्येक मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात. मी शीख नाही, पण हजूर साहिबच्या सावलीत वाढलेय, म्हणून हे काम घाईत उरकलेलं मला चालणार नाही.

या विषयावर इकडे कुणीही बोलायला लागलं की १९९९पासून सुरुवात होते. खालसा पंथाला ३०० वर्षं झाली त्या निमित्ताने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने शीख राज्यांच्या कलेचं मोठं प्रदर्शन केलं, सुझन स्ट्राँज क्युरेटर होत्या, पुढे ते सॅन फ्रान्सिस्को आणि टोरंटोलाही गेलं. त्यातली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे महाराजा रणजितसिंगांचं सिंहासन. लाकडाच्या सांगाड्यावर सोन्याचे पत्रे ठोकून केलेलं, खाली कमळाच्या पाकळ्या. घडवणारा हाफिज मुहम्मद मुलतानी, म्हणजे शीख राजासाठी मुसलमान सोनाराने केलेलं काम. आणि महाराज स्वतः त्यावर क्वचितच बसायचे, त्यांना गालिच्यावर मांडी घालून बसायला आवडायचं. मला वाटतं या एका वस्तूत क्युरेटरचे सगळे प्रश्न आले. कुणी बनवलं, कुणासाठी बनवलं, वापरलं का, आणि लाहोरहून लंडनला कसं आलं. बहुतेक ठिकाणी पाटीवर पहिली दोन उत्तरं असतात, तिसरं कधीतरी, आणि चौथं दोन शब्दांत गुंडाळलेलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. एक, आमची गॅलरी राजा आणि तलवारीपासून सुरू होऊ नये. दोन, प्रत्येक वस्तू इथे कशी आली ते त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत यावं. आणि तीन, काही गोष्टी आपल्या ताब्यात असल्या तरी मांडू नयेत. तिसऱ्या मुद्द्यावरून टीममध्ये सध्या जोरात वाद चालू आहेत. तुम्हाला काय वाटतं? शीख सभासद असतील तर त्यांनी नक्की लिहा.

मी_कोल्हापुरी:
छान विषय. मला यातलं फार कळत नाही म्हणून अगदी बेसिक विचारतो. राजा आणि तलवारी वगळल्या तर लोक बघायला काय येणार? आमच्या न्यू पॅलेसमध्ये पण लोक हत्यारांच्या दालनातच जास्त रेंगाळतात. आणि काही गोष्टी मांडू नयेत म्हणजे नक्की कुठल्या?

दखनी_शीख:
गोदाकाठ ताई, सत श्री अकाल. मी नांदेडचाच, आमच्या कितीतरी पिढ्या इथेच झाल्या, घरात पंजाबी-दखनी आणि बाहेर मराठी.

कोल्हापुरी भाऊंना आधी सांगतो. गुरु ग्रंथ साहिब आमच्यासाठी ग्रंथ नाही, गुरू आहेत. १७०८ साली नांदेडला दशम पातशाहांनी, म्हणजे दहावे गुरू गोविंदसिंगांनी, गुरुगादी ग्रंथ साहिबांना दिली, ते या गावात घडलं. त्यामुळे रोज पहाटे प्रकाश होतो म्हणजे ग्रंथ साहिब उघडले जातात, रात्री सुखासन म्हणजे मिटून विश्रांतीला नेतात, वर चांदोवा असतो, चौर ढाळतात, समोर जाताना डोकं झाकायचं, पाय अनवाणी. आता हेच सरूप, म्हणजे ग्रंथ साहिबांची प्रत, काचेच्या पेटीत उघडून ठेवलं, खोलीला रात्री कुलूप लागलं, लोक बूट घालून कॉफीचा कप हातात घेऊन समोरून जातायत, तर आम्हाला ते बघवत नाही. मुद्दाम अपमान कुणी करत नाही हे कळतं तरी बघवत नाही.

शस्त्रांचं म्हणाल तर ताईंना माहीतच आहे, आपल्या इथे रोज संध्याकाळी आरतीनंतर शस्त्रांचं दर्शन होतं. एकेक शस्त्र हातात धरून संगतला म्हणजे जमलेल्या भाविकांना दाखवतात, कुठलं कुणाचं ते सांगतात. तख्त म्हणजे आमचं सर्वोच्च धर्मपीठ, हजूर साहिब त्यातलंच. दिवाळीच्या वेळी तख्त स्नान असतं तेव्हा गोदावरीचं पाणी घागरींनी आणतात, सगळं तख्त धुतलं जातं आणि शस्त्रंही. तीनशे वर्षांपूर्वीचं पोलाद अजून माणसांच्या हातात आहे. त्यामुळे म्युझियमवाले पांढरे मोजे घालून तलवार उचलतात ते बघून आमच्या पोरांना आश्चर्य वाटतं.

गोदाकाठ:
दखनी_शीख, फार बरं वाटलं तुम्ही लिहिलंत. अगदी हाच पेच आहे. माझ्या ट्रेनिंगप्रमाणे जुन्या पोलादाला पाणी लावणं म्हणजे गंजाला बोलावणं. पण ते पाणी हेच त्या शस्त्रांच्या जिवंत असण्याचा भाग आहे, हे मी लहानपणापासून बघितलंय. आमच्या स्टोअरमधल्या तलवारी गुरूंच्या नाहीत, साध्या सैनिकांच्या आहेत, त्यामुळे त्या मांडायला हरकत नसावी. पण कशा मांडाव्या? डिझायनरने खालच्या फळीवर, गुडघ्याच्या उंचीला, आडव्या ठेवल्या होत्या कारण तिथे जागा होती.

दखनी_शीख:
खाली नको. शस्त्र पायाच्या पातळीला ठेवत नाहीत आमच्यात, घरात किरपाण असली तरी उंचावर ठेवतात. छातीच्या वर घ्या. आणि जमलं तर त्या खोलीत तंबाखूची कुठलीही वस्तू, हुक्का वगैरे, शेजारी ठेवू नका. मी एका प्रदर्शनात पंजाबी राहणीमान म्हणून हुक्का आणि शीख शस्त्रं एकाच कपाटात बघितली होती. पंजाबात हुक्का होता, मान्य, पण खालसाला तंबाखू वर्ज्य आहे एवढं मांडणाऱ्याने विचारायला हवं होतं.

गोदाकाठ:
बापरे. आमच्या यादीत बिदरी हुक्का आहे, त्याच कपाटासाठी धरलेला. उद्याच काढायला सांगते.

जुनी_पानं:
तुमच्याकडे जनमसाखीची पानं आहेत हे वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. माझ्या मते गॅलरीची सुरुवात तिथूनच करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जनमसाखी म्हणजे गुरु नानकांच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या गोष्टी, आणि त्यांच्या चित्रांच्या पोथ्या निघाल्या. ब्रिटिश लायब्ररीत १७३३ सालची एक आहे, तिथल्या शेल्फ नंबरवरून तिला बी-४० असंच म्हणतात. चित्रकार आलमचंद राज, लिहिणारा दयाराम अबरोल, करवून घेणारे भाई संगू मल. बघा, तिघांचीही नावं टिकलीत, त्या काळातल्या पोथीच्या मानाने हे फार मोठं भाग्य आहे. चित्रं साधी आहेत, सपाट रंग, दरबारी नजाकत शोधू नका. पण त्यात गुरु नानक झाडाखाली बसलेत, शेजारी त्यांचा साथी मर्दाना रबाब घेऊन बसलाय, समोर कुणी शेतकरी, कुणी जोगी, कुणी काझी, आणि ते सगळे बोलतायत. मला शीख चित्रकलेत हेच सगळ्यात आवडतं, की मुख्य घटना लढाई नाहीये, संवाद आहे.

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियमचं. ऑप्टिकल फायबरवरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले नरिंदरसिंग कपानी, त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आयुष्यभर शीख कला गोळा केली आणि त्यातला मोठा भाग तिथे दिला. २००३ साली म्युझियम नव्या इमारतीत आलं तेव्हापासून तिथे सतिंदर कौर कपानी गॅलरी आहे, शीख कलेसाठी राखीव. त्यांच्याकडच्या जनमसाखीची पानं साधारण १७५५ ते १७७० मधली, आणि ती बहुधा बंगालात मुर्शिदाबादला रंगवलेली आहेत! म्हणजे पंजाबपासून एवढ्या लांब कुणीतरी शीख व्यापारी किंवा भक्त असणार ज्याने तिथल्या चित्रकाराकडून करवून घेतली. अशी गोष्ट पाटीवर आली की लोकांच्या डोक्यातला पंजाबचा नकाशाच बदलतो.

एक बोचणारी गोष्टही लिहितो. जुनी, जीर्ण सरूपं अग्निभेट करतात, गोइंदवाल साहिबला वगैरे. श्रद्धा समजू शकतो, पण त्यात हाताने लिहिलेल्या, चित्रं असलेल्या, शेऱ्यांवर शेरे असलेल्या किती जुन्या बीडा, म्हणजे ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती, गेल्या असतील. माझा जीव तुटतो.

दखनी_शीख:
जुनी_पानं, तुमची तळमळ कळते पण हे एकतर्फी झालं. आमच्यात जीर्ण सरूपाला रद्दीसारखं टाकत नाहीत, माणसासारखा सन्मानाने निरोप देतात. तुम्ही म्हणता जतन करा, म्हणजे कुठे तर कपाटात, जिथे त्यांचा प्रकाश होणार नाही, कुणी वाचणार नाही. आमच्या दृष्टीने ते जास्त वाईट.

जुनी_पानं:
तुमचं म्हणणं मान्य, पण सगळं तिथेच थांबत नाही ना. चंदीगडची पंजाब डिजिटल लायब्ररी २००३पासून हस्तलिखितांची पानं स्कॅन करतेय, घराघरांतून, डेऱ्यांतून, गुरुद्वाऱ्यांतून. सरूप जिथे आहे तिथेच, मर्यादेत राहतं, आणि अक्षरं वाचतात. अग्निभेट करण्याआधी एकदा कुणी जाणकाराने बघावं एवढंच माझं म्हणणं. आणि १९८४च्या लष्करी कारवाईत अमृतसरच्या सिख रेफरन्स लायब्ररीतला संग्रह गेला, त्यानंतर तर एकाच जागी एकच प्रत ठेवायची भीती प्रत्येक शीख अभ्यासकाला असते.

दखनी_शीख:
१९८४चं काढलंत तर मग काय बोलणार. आधी जाणकाराला दाखवून मग अग्निभेट, हे मलाही पटतं. आमच्या घरी आजोबांच्या हातचा गुटका म्हणजे प्रार्थनांची छोटी पोथी आहे, त्याचे फोटो काढून ठेवायला सांगतो मुलाला.

रेशीमगाठ:
सगळे पोथ्या आणि तलवारींवर, फुलकारीवर कुणी बोलेल म्हणून वाट बघत होते 🙂 गोदाकाठ, तुमचं कामच कापडाचं, तरी लिहिते कारण बाकीच्यांना कळावं.

जाडं हाताने विणलेलं खद्दर, बहुतेक वेळा मंजिष्ठेच्या लाल-तपकिरी रंगात, आणि त्यावर पट म्हणजे पीळ न दिलेलं रेशीम. गंमत म्हणजे टाका उलट बाजूने घालतात! बाई कापडाची उलटी बाजू समोर धरून धागे मोजत मोजत सुई घालते, छापलेली नक्षी नाही, रेघ नाही, सगळं मोजणीवर, आणि लांब टाके पडतात ते सुलट बाजूला. रेशमाला पीळ नसल्यामुळे टाका उभा की आडवा त्यावर चकाकी बदलते, एकाच रंगात दोन छटा दिसतात. कापड जवळजवळ पूर्ण भरलं की त्याला बाग म्हणतात.

आणि प्रकार म्हणजे नात्यांची यादीच. नातीच्या लग्नासाठी आजोळहून येतो तो चोप, त्याचा टाका असा की दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. वरी दा बाग नवऱ्याकडची आजी घरात येणाऱ्या सुनेसाठी भरते. सैंची फुलकारीत तर अख्खं गाव येतं, आगगाडी, कुस्ती, दागिने, ताक घुसळणारी बाई, जनावरं. बऱ्याच बागांमध्ये कोपऱ्यात एखादा तुकडा मुद्दाम वेगळ्या रंगात असतो किंवा अर्धवट सोडलेला असतो, नजर लागू नये म्हणून. मी एका नामवंत संग्रहाच्या कॅटलॉगमध्ये ती जागा "खराबी" म्हणून नोंदलेली बघितलीय आणि इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

माझा मुद्दा हा, की सिंहासनाच्या सोनाराचं नाव आपल्याला माहीत आहे, पोथीच्या चित्रकाराचं माहीत आहे, पण या हजारो बायकांपैकी एकीचंही नाव पाटीवर नसतं. आणि फुलकारी शीख, हिंदू, मुसलमान सगळ्यांच्याच घरी भरली जायची, त्यामुळे ती शीख गॅलरीत ठेवताना एवढं जरूर लिहा, नाहीतर फाळणीनंतर जी वाटणी माणसांची झाली ती आपण कपड्यांचीही करू.

गोदाकाठ:
रेशीमगाठ, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे एक बाग आहे ज्याच्या कोपऱ्यात असा जांभळा तुकडा आहे. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये त्याबद्दल काहीच नाही, म्हणजे निदान खराबी तरी लिहिलं नाही.

अडचण उजेडाची. रेशमाला आणि जुन्या रंगांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर प्रकाश देत नाही आम्ही, आणि कायम तर मांडतच नाही, काही महिन्यांनी एक उतरवून दुसरी लावायची. त्यामुळे गॅलरी अंधारी वाटते अशी तक्रार येते. मला उलट बाजू दाखवायची आहे. आरसा खाली ठेवला तर प्रकाश परावर्तित होतो, म्हणून एक फुलकारी अशी लावायचा विचार आहे की निम्मी घडी उलटून मागचे टाके दिसतील. घडीच्या जागी आत गुंडाळी द्यावी लागेल नाहीतर रेशीम तुटेल. शिवाय एक नवीन खद्दरचा तुकडा आणि पटाची लड टेबलावर, हात लावायला. इकडच्या गुरुद्वाऱ्यातल्या वयस्क बायकांना बोलावून दाखवलं तर त्यांच्यापैकी एकजण लगेच सुई मागायला लागल्या.

रेशीमगाठ:
त्यांनाच पाट्या लिहायला सांगा!! निदान त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. चोप आणि सुभर (तीही लग्नातलीच फुलकारी) यातला फरक त्या हातात कापड घेऊन सांगतील तसा कुठलाही कॅटलॉग सांगणार नाही.

अटकेपार:
आता चौथ्या प्रश्नाकडे येतो, वस्तू तिथे कशा आल्या.

२९ मार्च १८४९ला ईस्ट इंडिया कंपनीने पंजाब आपल्या राज्याला जोडला. रणजितसिंगांचे पुत्र महाराजा दुलीपसिंग तेव्हा अवघे १० वर्षांचे. तहात कोहिनूरसाठी वेगळं कलम होतं, तो राणीला द्यायचा. बाकी लाहोरच्या तोशाखान्याचं, म्हणजे दरबारी खजिन्याचं, काय झालं? डॉक्टर लॉगिन नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात तो दिला गेला, याद्या झाल्या, निवडक वस्तू लंडनला कंपनीकडे गेल्या आणि उरलेल्याचे लिलाव झाले. सिंहासन कंपनीच्या इंडिया म्युझियममध्ये होतं, १८७९मध्ये साउथ केन्सिंग्टनला आलं, म्हणजे आजचं व्ही अँड ए. लिलावातल्या वस्तू अधिकाऱ्यांनी घेतल्या, घरी नेल्या आणि दोन-तीन पिढ्यांनी नातवंडांनी गावातल्या म्युझियमला "भेट" दिल्या. गोदाकाठ, तुमच्या स्टोअरमधलं बरंचसं याच वाटेने आलेलं असण्याची दाट शक्यता आहे. भेट हा शब्द शेवटच्या टप्प्यापुरता खरा असतो, पहिल्या टप्प्याचं तो काही सांगत नाही.

परत आलेल्या वस्तूंचंही एक उदाहरण आहे. गुरु गोविंदसिंगांची म्हणून मानली जाणारी काही शस्त्रं गव्हर्नर-जनरल डलहौसीने नेली होती, ती १९६६च्या सुमारास भारतात परत आली आणि आनंदपूरच्या तख्त केसगढ साहिबला आहेत. लक्षात घ्या, ती कुठल्या म्युझियममध्ये गेली नाहीत, तख्तावर गेली, आणि तिथे रोज त्यांचं दर्शन होतं. माझ्या मते हे योग्य झालं.

तिसरी वाट फारशी कुणाला माहीत नसते. दुलीपसिंगांची मुलगी राजकन्या बांबा सदरलँड शेवटी लाहोरला जाऊन राहिली आणि १९५७मध्ये तिथेच वारली. तिच्याकडची चित्रं, वस्तू पुढे पाकिस्तान सरकारने घेतल्या, आज लाहोर किल्ल्यातल्या शीख गॅलरीत आहेत. ऑगस्ट शेफ्ट या हंगेरियन चित्रकाराचं लाहोर दरबाराचं ते प्रचंड चित्र तिथेच आहे. म्हणजे शीख दरबाराचा वारसा आज लाहोर, अमृतसर, लंडन, कॅलिफोर्निया असा विखुरलाय आणि एका माणसाला व्हिसाच्या भानगडीत तो सगळा बघणं जवळपास अशक्य आहे. लंडनच्या वॉलेस कलेक्शनने २०२४मध्ये रणजितसिंगांवर प्रदर्शन केलं तेव्हा निदान काही तुकडे एकत्र दिसले. एका शीख संग्राहकाला सह-क्युरेटर म्हणून घेतलं होतं, हा मला त्यातला सगळ्यात चांगला भाग वाटला.

मी_कोल्हापुरी:
अटकेपार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बांबा राजकन्येचं अजिबात माहीत नव्हतं. मग आता गोदाकाठ ताईंच्या म्युझियमने वस्तू परत द्याव्यात का?

गोदाकाठ:
माझं वैयक्तिक मत, धार्मिक महत्त्वाची वस्तू निघाली आणि पंथाच्या संस्थेने मागितली तर द्यावी. फुलकाऱ्या मात्र बहुतेक बाजारातून विकत घेतलेल्या आहेत, त्यांचं वेगळं. पण परत द्यायचं की नाही याच्या आधी कुठून आलं ते खरं लिहायला तर काहीच अडचण नाही ना? तिथेही लोक कचरतात.

अबोली:
मी शाळेत शिक्षिका आहे आणि मुलांच्या बाजूने लिहिते. आम्ही अमृतसर-आनंदपूर दोन्हीकडे मुलांना नेलं होतं.

आनंदपूरचं विरासत-ए-खालसा मोशे साफदींनी बांधलंय, २०११मध्ये उघडलं. तिथे जुन्या वस्तू जवळपास नाहीतच, भिंतभर चित्रं, पुतळे, आवाज, प्रकाश, हेडफोनवर गोष्ट. मुलं हरखून गेली. याउलट सुवर्णमंदिराच्या प्रवेशाशी असलेलं सेंट्रल सिख म्युझियम १९५८चं, तिथे जुनी शस्त्रं, नाणी, हुकूमनामे आहेत आणि भिंतींवर शहिदांची तैलचित्रं. काही चित्रं इतकी भयंकर आहेत, करवतीने चिरणं, उकळत्या पाण्यात बसवणं, की सहावीतली एक मुलगी रडायलाच लागली. माझ्यासोबतच्या मॅडम म्हणाल्या असलं मुलांना दाखवूच नये. मी तेव्हा गप्प राहिले, पण प्रश्न मनात आहे. गोदाकाठ, तुम्ही अशी चित्रं लावणार का?

दखनी_शीख:
अबोली ताई, ती चित्रं बरीचशी कृपालसिंग यांची, गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी कमिटीने त्यांना त्यासाठीच बोलावलं होतं. आमच्या घरात लहान मूल सुद्धा रोज अरदासला उभं राहतं आणि अरदासमध्ये हे सगळं येतं, बंद बंद कापले गेले, चरख्यावर चढवले गेले, करवतीने चिरले गेले, पण धर्म सोडला नाही. मग चित्र बघताना आमच्या मुलाला ते नवीन नसतं, रोजच्या प्रार्थनेचं चित्र असतं. भाई मतीदास, भाई दयाला, ही नावं त्याला आजोबांच्या नावासारखी माहीत असतात. बाहेरच्या मुलाला मात्र नुसतं रक्त दिसतं. म्हणून चित्र लावायचं तर शेजारी अरदास ऐकू येऊ द्या. तेवढं केलं तर मुलं समजून घेतात.

अबोली:
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी वर्गात अरदास समजावून सांगितली असती तर त्या मुलीला वेगळ्या नजरेने बघता आलं असतं. धन्यवाद.

गोदाकाठ:
अरदास ऐकवायची कल्पना फार चांगली आहे, पण मग खोलीत डोकं झाकणं, उभं राहणं हा प्रश्न येईल का?

दखनी_शीख:
हो, येईल. रेकॉर्डिंग सतत लूपवर लावू नका. हेडफोनवर ठेवा, ज्याला ऐकायचं तो थांबून ऐकेल, आणि शेजारी रुमालांची टोपली ठेवा, सक्ती नको. आमचे लोक आपोआप घेतील, बघून बाकीचेही घेतात.

भित्तिलेप:
उशिरा आलो. एक गोष्ट राहतेय, ती म्हणजे भिंती. हरिमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, आतलं मोहराकशीचं काम, ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं, गच म्हणजे उठावाचं चुन्याचं काम, जडतकारी म्हणजे संगमरवरात रंगीत दगड, टुकडीचं आरशांचं काम. हे करणाऱ्यांना नक्काश म्हणायचे आणि त्यांची घराणी होती, भाई ग्यानसिंग नक्काश हे त्यातले शेवटच्या मोठ्यांपैकी. हे म्युझियममध्ये आणता येत नाही आणि जागेवर टिकतही नाही. कारसेवेत म्हणजे भाविकांच्या श्रमदानात जुनी इमारत पाडून नवा संगमरवर लावणं हे पुण्याचं काम समजलं जातं. २०१९च्या मार्चमध्ये तरनतारनच्या दरबार साहिबची जुनी दर्शनी देवडी अशीच रात्रीत तोडायला घेतली, लोक धावून आले म्हणून थांबलं. धावून आलेले शीखच होते, हे मुद्दाम सांगतो, कारण इकडे लगेच "त्यांना किंमत नाही" असं लिहिणारे येतात.

आणि कारागिरांचं बोलायचं तर भाई रामसिंग विसरू नका. बटाल्याजवळच्या गावातल्या सुतार घराण्यातला मुलगा, लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पुढे तिथेच प्राचार्य झाला, अमृतसरच्या खालसा कॉलेजचा आराखडा त्याचा, आणि राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉलही त्याचाच. आयल ऑफ वाइट बेटावर आहे, गोदाकाठना जाऊन बघता येईल. छताचं काम बघून मान दुखेपर्यंत उभं राहाल.

जुनी_पानं:
+१. भाई रामसिंगांचं नाव लाहोरच्याही कितीतरी इमारतींना जोडलेलं आहे, तिकडे त्यांना मान आहे.

मी_कोल्हापुरी:
एक सुचवू का? आपले नामदेव महाराज गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, ६१ पदं. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ला साहित्य संमेलनही तिथे झालं. गॅलरीत एक मराठी कोपरा करता येईल का? अभिमान वाटेल आपल्याला.

गोदाकाठ:
कोल्हापुरी, मोह मलाही होतो. पण ही गॅलरी इकडच्या शीख लोकांची आहे, त्यात आपला झेंडा नको. भगतांच्या वाणीबद्दल, म्हणजे ग्रंथ साहिबातल्या संतांच्या पदांबद्दल, पॅनल आहेच, त्यात कबीर, रविदास, शेख फरीद यांच्याबरोबर नामदेवांचं नाव येईल आणि पंढरपूरचे म्हणून येईल, तेवढं पुरे. नांदेड मात्र यायलाच हवं, कारण १७०८ची गोष्ट त्याशिवाय पूर्ण होत नाही आणि इकडच्या नकाशांत पंजाबच्या खाली काही नसतंच. १८३२ ते १८३७ मध्ये रणजितसिंगांनी तख्ताची इमारत बांधवली तेव्हा नांदेड निजामाच्या मुलखात, लाहोरपासून इतकं दूर, तरी तिकडून पैसा आणि कारागीर आले. तो रस्ता नकाशावर काढायला सांगितलाय.

आणि सगळ्यांच्या सूचना एकत्र करून आज मीटिंगमध्ये मांडल्या. सरूप आमच्याकडे नाहीच, पण एक गुटका निघालाय स्टोअरमधून, तो मांडायचा नाही हे मान्य झालं, गुरुद्वाऱ्याला आधी दाखवायचा. तलवारी वर गेल्या, हुक्का दुसऱ्या दालनात. सुरुवात जनमसाखीच्या पानापासून. पाटीवर "कसं आलं" याची ओळ मात्र अजून अडकली आहे, वरिष्ठांचं म्हणणं नक्की माहीत नसेल तर लिहू नये. बागेच्या पाटीचा मसुदा खाली टाकते, बघा:

"बाग. खद्दरवर पीळ नसलेल्या रेशमाचं भरतकाम, १९व्या शतकाचा शेवट, पंजाब. एका किंवा अनेक स्त्रियांनी भरलेली. त्यांची नावं नोंदवली गेली नाहीत. कोपऱ्यातला जांभळा भाग नजर लागू नये म्हणून. निवृत्त अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडून भेट."

रेशीमगाठ:
"नोंदवली गेली नाहीत" हे फार आवडलं. जांभळ्या भागाबद्दल "म्हणून" ऐवजी "असावा" करा, त्या बाईला आपण विचारलेलं नाही.

दखनी_शीख:
गुरमुखीतही पाटी असेल ना? मजकूर पाठवा, मी आणि माझी बहीण तपासून देतो. इकडे छापताना अधक आणि टिप्पी ही अक्षरांवरची चिन्हं खातात लोक.

अटकेपार:
शेवटची ओळ पुरेशी नाही. अधिकारी कुठे नोकरीला होता, कुठल्या साली, कापड विकत घेतलं की मिळालं? वरिष्ठांना नक्की माहीत नसेल तर तेच लिहा, "कशी मिळवली याची नोंद आमच्याकडे नाही." ते वाक्य शंभर टक्के खरं आहे, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

गोदाकाठ:
अटकेपार, हे वाक्य उद्याच पुढे करते. रेशीमगाठ, "असावा" केलं. दखनी_शीख, गुरमुखी मजकूर व्यक्तिगत निरोपात पाठवते, बहिणीलाही धन्यवाद सांगा. देणगीदाराची जुनी पत्रं तळघरातल्या फाइलींमध्ये आहेत म्हणे, पुढच्या आठवड्यात उघडायची परवानगी मिळालीय. काही हाती लागलं तर याच धाग्यावर लिहीन.